रांगेत उभी पातेली

आमच्या घरातला चमचासुद्धा चोरीला जाऊ शकत नाही. गेलाच तर ओशाळून परत येईल, कारण त्याच्या दांड्यावर मालकिणीचं नाव आहे. लग्न होऊन मी पुण्याहून नल्लकुंट्याच्या या घरात आले, तेव्हा पहिल्याच सकाळी चहा गाळताना गाळण्याच्या कडेवर बारीक ठिपक्यांत काहीतरी कोरलेलं दिसलं. जवळ धरून वाचलं, तर 'कु. विमल गोविंद औसेकर, पुरवठा खाते, वारंगळ'. मला हसू आवरेना. माझा नवरा आशिष हळूच म्हणाला, "हसू नको, आत्याला ऐकू जाईल." आत्या दारातच उभ्या होत्या.

"हसू दे तिला," त्या म्हणाल्या. "पुण्यात गाळणी मोकाट फिरत असतील."

या विमलआत्या म्हणजे आशिषच्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. सगळी नोकरी सरकारच्या पुरवठा खात्यात गेली. तांदूळ, रॉकेल, पामतेल, रेशनची दुकानं आणि त्या दुकानांत मापात पाप करणारे दुकानदार यांच्यात त्यांचं तारुण्य संपलं, असं त्या स्वतःच सांगतात. आता सत्तरी उलटली आहे. त्या खालच्या मजल्यावर राहतात, आम्ही वर. कडक बाई. कुणाची तारीफ करणं त्यांना जमत नाही. मलाही फारसं जमत नाही, त्यामुळे आमचं बरं चालतं.

भांड्यांवर नाव घालणं ही त्यांची एकमेव चैन. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीसमोर उभं राहिलं की त्यांच्या सगळ्या बदल्या, सगळ्या मैत्रिणी आणि घरातली सगळी मुंजी-बारशी वाचून होतात. निजामाबादच्या रझियाबेगमनं दिलेल्या कटोऱ्यावर उर्दू, वारंगळच्या ऑफिसनं निरोपाला दिलेल्या पितळी डब्यावर तेलुगू, आणि घरच्या तांब्या-पेल्यांवर मराठी. पूर्वी विद्यानगरच्या भांड्यांच्या दुकानातून नावं घालून आणायच्या. पुढे दुकानदार शुद्धलेखनाच्या चुका करतो म्हणून चिडून त्यांनी नाव घालायचं यंत्रच विकत घेतलं. ते चालू झालं की दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटतं. माझा ऑफिसचा डबा, आशिषची पाण्याची बाटली, कामवाल्या बाईला दिवाळीला दिलेली परात, काहीच सुटलेलं नाही. माझ्या लॅपटॉपच्या पत्र्याच्या झाकणाकडेही त्या कधीकधी वेगळ्याच नजरेनं बघतात.

अंगणाच्या मागे एक सुटी खोली आहे. ती बघायला रिहाब आली ती एजंटच्या मागे अंग चोरून. सुदानची मुलगी, औषधशास्त्रात पीएचडी करायला आलेली, तारनाक्याच्या एका प्रयोगशाळेत काम करत होती. त्याआधी तीनचार घरांनी तिला दारातूनच वाटेला लावलं होतं. आत्यांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि दखनीत, म्हणजे इथल्या हिंदी-उर्दूत, मुलाखत सुरू केली.

"गोश्त खाते?"

"हौ," रिहाब म्हणाली. हा 'हौ' ती रिक्षावाल्यांकडून शिकली होती.

"घर में पकाते?"

तिनं क्षणभर विचार केला. "आपकू पूछ के."

आत्यांनी माझ्याकडे बघून मराठीत निकाल दिला, "विचारून करीन म्हणते. आपल्याकडे न विचारता काय काय करतात लोक. हिला ठेवू." गल्लीत थोडी कुजबुज झाली. समोरच्या काकांनी येऊन 'विचार करा' असं सांगून पाहिलं. "ती भाडं देणार आहे आणि तुम्ही सल्ला देताय," आत्या त्यांना म्हणाल्या, "मला भाडं परवडतं." विषय संपला. महिन्याभरात रिहाब त्यांना 'खाला', म्हणजे मावशी, म्हणायला लागली आणि आत्यांनी तिच्या तव्यावर 'रिहाब' असं देवनागरीत घालून दिलं. तिला ते वाचता येत नव्हतं, तरी आल्यागेल्याला दाखवायची.

मग तिच्या देशात युद्ध पेटलं. तिचं घर ओम्दुरमानला, राजधानीच्या नदीपलीकडच्या शहरात. दोन्ही भाऊ बायकापोरांना घेऊन इजिप्तला निघून गेले. आई मात्र जागची हलली नाही. आवातिफ तिचं नाव. सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त. मोहल्ल्यातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली होती, आणि ती सोडून मी कुठे जाऊ, असं तिचं म्हणणं. बाजार बंद पडला, पिठाच्या गिरण्या थांबल्या, तेव्हा तिनं आपल्या अंगणात मोठं पातेलं चढवलं. अशा सार्वजनिक चुलीला तिकडे तकिया म्हणतात. परदेशात गेलेले सुदानी लोक जमेल तसे पैसे पाठवतात, मोहल्ल्यातली माणसं मिळेल तिथून धान्य आणतात, आणि दिवसातून एकदा मसुरीची डाळ शिजते. ज्यानं-त्यानं घरून भांडं आणायचं आणि भरून न्यायचं. बाहेरची मदत पोचत नव्हती, मोठ्या संस्थांच्या गाड्या वेशीवरच अडवल्या जात होत्या. त्या मोहल्ल्यात ही डाळ होती म्हणून माणसं जगत होती.

"मसूर डाळ चांगली," आत्यांनी शेरा मारला. "लवकर शिजते, सरपण कमी लागतं. थोडी चिंच घाला म्हणावं." चिंच तिथेही मिळते, हे ऐकून त्यांना त्या देशाबद्दल जरा बरं मत झालं.

आवातिफचे निरोप फोनवर रेकॉर्ड होऊन यायचे, तेही नेट मिळेल तेव्हा. एका सकाळी रिहाब अंगणाच्या पायरीवर फोन हातात धरून बसलेली दिसली. अंघोळ नाही, चहा नाही. शेजारच्या मोहल्ल्यात अशाच एका तकियासमोर रांग लागली होती, आणि त्या रांगेवर तोफगोळा पडला होता. बायका होत्या, म्हातारे होते, हातात पातेली घेऊन उभे होते. आवातिफ त्यातल्या जखमींना पट्ट्या बांधून आली होती. तिचा निरोप रिहाबनं आम्हाला सांगितला. ती म्हणत होती, मी चूल पेटवली की लोक येऊन उभे राहतात. उभे राहिले की वरून घिरट्या घालणाऱ्या ड्रोनला दिसतात. नाही पेटवली तर घरात बसून मरतील, तेवढं कुणाला दिसणार नाही. मला ठरवता येत नाही. उद्यापासून बंद करते.

मला वाटलं आत्या आता देवाचं नाव घेतील. पण ऑफिसात तपासणीला गेल्यासारख्या आवाजात त्यांनी विचारलं, "रांग कशाला लावतात?"

"मतलब, खाला?"

"रांगेतल्या माणसाला तिथे काय काम असतं?"

"कुछ नहीं. बर्तन भर के लेना."

"मग काम बर्तन का है ना," आत्या म्हणाल्या. "लोगां कू कायको खडे करते? बर्तनां खडे करो, लोगां कू घर भेजो."

रिहाबला कळलं नाही, म्हणून आत्यांनी तिला नल्लकुंट्याची जुनी गोष्ट सांगितली. त्यांच्या तरुणपणी या गल्लीत एकच सरकारी नळ होता आणि पाणी दिवसाआड, ते कधी येईल त्याचा नेम नसायचा. नोकरदार बायका उभ्या कुठून राहणार? मग आदल्या संध्याकाळीच नळापासून भांड्यांची रांग लागायची. घागर, बादली, कळशी, ज्याच्याकडे भांडं जास्तीचं नसेल त्याची फुटकी चप्पल नाहीतर दगड. त्या दगडालासुद्धा नंबर होता आणि तो कुणी मोडत नसे. पाणी आलं की जी जागी असेल ती ओळीनं भरत जायची, आणि मालकीण सवडीनं येऊन आपलं उचलून न्यायची.

रिहाबनं हे सगळं अरबीत बोलून आईला पाठवलं. मध्येच चप्पल कशी सांगायची म्हणून अडली आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

आवातिफनं ते करून पाहिलं. बायका संध्याकाळी येता-जाता भांडं तिच्या अंगणात ठेवून जायला लागल्या. अंगणाला तीन दारं, तिन्ही वेगवेगळ्या बोळांत उघडणारी. पहाटे आतल्या आत पातेली भरली जायची आणि बायका एकेकट्या येऊन घेऊन जायच्या. रस्त्यावर माणूस उभा नाही, वरून बघितलं तर नुसतं अंगण. आजूबाजूच्या दोन तकियांनीही तीच पद्धत उचलली. पुढचे कितीतरी दिवस तिकडून फक्त डाळ शिजल्याच्या बातम्या आल्या. आत्या रोज सकाळी दूध घेताना रिहाबच्या खोलीकडे तोंड करून विचारायच्या, "क्या बोलते तुम्हारे बर्तनां?" आणि ती आतून ओरडायची, "ठीक हैं, खाला."

भांडणं सुरू झाली ती नंतर. माणूस आणि भांडं यांची ताटातूट झाल्यावर जे व्हायचं तेच झालं. हिचं चांगलं पातेलं तिच्याकडे गेलं, तिचं गळकं हिच्याकडे आलं, झाकणं हरवली. दोघींनी एकमेकींचे पदर ओढले. रिहाब हे हसत हसत सांगत होती, कारण युद्धात लोक पातेल्यावरून भांडतात याचा तिला आनंदच वाटत होता. पण आत्यांचे डोळे चमकले. मी त्यांना ओळखत होते. आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट बघितली तो प्रश्न एकदाचा त्यांच्या दारात आला होता.

"नाव घाला," आत्या म्हणाल्या.

"हमारे यहाँ बर्तन पे नाम नहीं डालते, खाला."

"म्हणून तर भांडतात."

त्यांचं यंत्र तिकडे चालणार नव्हतं, वीजच नव्हती. आत्यांनी एक जुनं पातेलं काढलं, खाली ओलं पोतं घातलं, खिळा आणि छोटी हातोडी घेतली आणि ठिपके कसे जवळजवळ पाडायचे ते करून दाखवलं. मी फोनवर चित्रण केलं. नाव कुणाचं घालायचं, असं रिहाबनं विचारलं. आत्यांना यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. "घरातल्या कर्त्याचं. रेशनकार्डावर असतं तसं. बापाच्या नावासकट, म्हणजे एका नावाचे दोन निघाले तर घोळ नको."

तिकडे एका लोहारानं हे काम अंगावर घेतलं. मोहल्ल्यातली घरं त्याला तोंडपाठ होती, कुणाला विचारायची गरज पडली नाही. काही दिवसांनी फोटो आला. भिंतीला टेकवून ओळीनं मांडलेली पातेली, आणि प्रत्येकावर अरबी अक्षरं. त्या लिपीत आधीच ठिपके, त्यात हे ठिपक्यांचं लिखाण, मला तर सगळीकडे मुंग्या चालल्यासारख्या दिसल्या. आत्यांनी मात्र फोन दोन्ही हातांत धरून, चष्मा वर-खाली करून ते एकेक पातेलं बघितलं. मग तो फोटो भाजीवालीला दाखवला, दूधवाल्याला दाखवला, शेजारच्या वंदनाताईंच्या हळदीकुंकवाला जाऊन तिथल्या सगळ्या बायकांना दाखवला. समोरच्या काकांना मुद्दाम घरी बोलावून दाखवला. इतकी वर्षं मी त्यांना ओळखते, पण पेन्शन मंजूर झाली तेव्हाही त्या इतक्या खूश झाल्याचं कुणी सांगितलं नाही.

त्यानंतर नेट गेलं. ते अधूनमधून जायचंच, त्यामुळे आम्ही फार मनावर घेतलं नाही. आत्या रोज विचारत राहिल्या, रिहाब मान हलवत राहिली. मग एका दुपारी ती प्रयोगशाळेतून लवकर परत आली. वर न येता, आत्यांकडेही न जाता आपल्या खोलीत जाऊन तिनं दार लावून घेतलं. आत्यांनी दार वाजवलं, तेव्हा ती बाहेर आली आणि उभ्याउभ्याच सांगितलं.

बंदूकवाल्यांची एक टोळी मोहल्ल्यात शिरली होती. तकियात आले, पातेल्यांची ओळ बघितली. एकानं एक पातेलं उचललं, नाव वाचलं. मग दुसरं. ओळीनं सगळी वाचली. त्यात इद्रीस मास्तरांचं नाव होतं. हे शाळामास्तर. युद्धाआधी संपात, सभांत पुढे असायचे, आणि बंदूकवाले त्यांच्या शोधात होते. मास्तर शहर सोडून गेले असाच बाहेरच्या लोकांचा समज करून दिला होता. घराला बाहेरून कुलूप, आत नवराबायको. मोहल्ला हे जाणून होता आणि गप्प होता. त्यांची बायको सकीना मागच्या बोळानं येऊन डाळ न्यायची. लोहारानं सवयीनं त्यांच्याही पातेल्यावर नाव घातलं होतं. कर्त्याचं, बापाच्या नावासकट. ज्याचं पातेलं भरायला येतं तो माणूस गावातच आहे, हे कळायला त्या लोकांना शहाणपणाची गरज नव्हती. कुलूप तोडून ते मास्तरांना घेऊन गेले.

"नाव वाचूनच गेले?" आत्यांनी विचारलं.

"हौ, खाला."

आत्या आत गेल्या. संध्याकाळी मी त्यांचं ताट घेऊन खाली गेले, तर त्या मांडणीसमोर स्टुलावर बसलेल्या. दिवा लावला नव्हता. मी म्हटलं, "आत्या, तुम्हाला काय ठाऊक असणार होतं?" समजूत घालायला मी गेले, पण हे वाक्य किती पोकळ आहे ते मला बोलतानाच जाणवलं.

"ठाऊक नव्हतं तर गप्प बसायचं होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आयुष्यभर लोकांची नावं लिहिली मी, हर्षदा. नाव लिहिलं की धान्य मिळतं, एवढंच मला माहीत. नाव नाही म्हणून उपाशी राहिलेले बघितले आणि त्यांची नावं घालायला भांडले. नाव लिहिलं की माणूस सापडतो, हे मला कुणी शिकवलं नाही. आणि मी इथे बसून तिकडच्या बायकांना शिकवायला निघाले."

मी ताट ठेवून तिथेच खाली बसले. मला राग येत होता. त्या बंदूकवाल्यांचा येत होता, तो लोहार आणि त्याचं पाठांतर यांचा येत होता, आणि 'तिकडचं आपल्याला काय' म्हणणाऱ्या समोरच्या काकांचा तर फारच येत होता, जरी त्या बिचाऱ्यांचा यात काही संबंध नव्हता. आत्या जेवल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं, आणि ते त्यांना सांगावं इतकं आमचं नातं मऊ नाही, याचंही वाईट वाटलं.

आवातिफनं चूल विझवली. मास्तरांना मी माझ्या हातानं धरून दिलं, असं ती म्हणत होती. रिहाबचं, तिच्या भावांचं, कुणाचंच ऐकेना. मोहल्ल्यात उपासमार सुरू झाली. एका म्हाताऱ्याला लोकांनी झाडाचा पाला उकडताना पाहिलं. रिहाब हे सांगायची आणि आशेनं आत्यांकडे बघायची. तिच्या मते या बाईकडे प्रत्येक अडचणीला काहीतरी तोड असायची.

"आईला सांग," आत्यांनी एकदा सुरुवात केली आणि तोंड मिटलं. मग म्हणाल्या, "नक्को. मी आता काही बोलणार नाही. मेरेकू कुछ नहीं मालूम, बेटा."

विमलआत्यांना काही माहीत नाही, हे वाक्य या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं. पुढे त्या रोज सकाळी एकच प्रश्न विचारायच्या, "मास्तर?" आणि रिहाब नाही म्हणायची. तेवढंच बोलणं. दूधवालासुद्धा दबकून वागायला लागला. रिहाबकडून त्यांनी 'सामिहीनी' हा एक शब्द शिकून घेतला. बाईमाणसाची माफी मागायची असली की असं म्हणतात. अंगण झाडताना तो त्या पुटपुटत असायच्या.

चूल परत पेटली ती आवातिफच्या मनानं नाही. मोहल्ल्यातल्या बायका आपापली पातेली घेऊन तिच्या अंगणात आल्या आणि वाळूनं, विटेच्या तुकड्यांनी नावं घासायला बसल्या. खोल गेलेले ठिपके निघेनात, तेव्हा लोहारानं स्वतः येऊन ते ठोकून सपाट केले. मग त्यांनी ठरवलं की इथून पुढे पातेलं कुणाचंच नाही. मोठ्या घरानं मोठं उचलायचं, लहान घरानं लहान. भरलेलं जे समोर असेल ते न्यायचं, रिकामं करून धुऊन जे हाताला येईल ते आणून ठेवायचं. कुठलं कुणाचं हे विचारायचंच नाही, म्हणजे कुणी येऊन विचारलं तरी सांगण्यासारखं काही उरणार नाही.

रिहाबनं हे सांगितलं तेव्हा आत्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे हिच्या लग्नातलं पातेलं तिच्याकडे? कायमचं?"

"हौ."

"आणि चालतं त्यांना?"

"खाला, वहाँ अब किसीका कुछ नहीं है," रिहाब म्हणाली. "बर्तन भी नहीं."

आत्या म्हणाल्या, "शहाण्या आहेत. हे मला सुचलं नसतं. जन्मात सुचलं नसतं." त्यांच्या तोंडून कुणाची तारीफ मी ऐकली ती ही अशी, आणि ती त्यांनी कधी न पाहिलेल्या बायकांची होती.

या बायकांना गोळा करून कोणी आणलं, ते आम्हाला गेल्या रविवारी कळलं. सकाळी नऊच्या सुमाराला, तिकडे पहाट असताना, रिहाब धावत आली. नेट चांगलं होतं, आई फोनवर दिसत होती. आत्यांनी पदराला हात पुसले, खुर्ची ओढली, फोन समोर धरला. पडद्यावर आवातिफ होती, दिसायला आमच्या कुठल्याही मावशीसारखी, फक्त फार वाळलेली. तिच्या मागे धूर, आणि धुरात एक उंच बाई मोठ्या पळीनं तळाशी उरलेली डाळ ढवळत होती. आवातिफनं तिला हाक मारून पुढे बोलावलं.

"ही सकीना," रिहाब हळूच म्हणाली. "इद्रीस मास्तरांची बायको. हिनंच सगळ्यांना आणलं."

आत्यांनी फोन माझ्या हातात दिला. त्यांनी नमस्कार केला. तोंडात तो शब्द तयार होता, ओठ हललेही. पण पलीकडची बाई त्याआधीच बोलायला लागली. भराभर, न थांबता, पळी हातातच. रिहाब ऐकत राहिली, आणि सांगायचं सोडून तिनं नुसती मान खाली घातली.

"काय म्हणते?" आत्यांनी विचारलं. "शिव्या देत असेल तर त्याही सांग. जशाच्या तशा सांग."

रिहाबनं डोळे पुसले आणि दखनी-इंग्रजीची खिचडी करून सांगितलं. सकीना म्हणत होती, त्या हिंदुस्थानातल्या मावशीला सांग, आवातिफला चूल परत विझवू देऊ नको म्हणावं. तुझं ती ऐकते. माझा नवरा सुटला तर घराकडे यायचा नाही, घरावर त्यांची नजर आहे हे त्याला कळतं. पण तो भुकेला असेल. या मोहल्ल्यात भुकेलं माणूस एकाच ठिकाणी येतं. म्हणून मी इथे वाढायला उभी राहते. अंधारात येतात, तोंडं झाकून येतात, तोंडं मी बघत नाही. पातेलं उचलणारे हात बघते.

आत्यांनी पाठ केलेला तो शब्द गिळला. आता तो म्हणणं म्हणजे तिच्यासमोर आपलंच ओझं नेऊन ठेवणं झालं असतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसलं.

"तिला विचार," त्या म्हणाल्या, "आज डाळ सगळ्यांना पुरली का."

रिहाबनं विचारलं. सकीनानं मागे वळून बघितलं आणि दोन शब्दांत उत्तर दिलं.

"पुरली म्हणते," रिहाब म्हणाली. "एका माणसाची काढून ठेवलीय."